गोळी किती मिलिग्रॅमची, हा प्रश्न तिसरा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ६७ चे, मिसेस ६२ च्या, राहायला मुलुंडला. साखर ११ वर्षं, २ वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. गेली ५ वर्षं ताठरता येते पण टिकत नाही, हल्ली तर येतच नाही. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मित्राने एका गोळीचं नाव सांगितलं, १०० मिलिग्रॅमची घे म्हणाला, आणि केमिस्ट चिठ्ठीशिवाय द्यायला तयार आहे. ‘तिला आता रस नाही, हात लावला तरी झटकते’ असंही लिहिलंय. मग दोन प्रश्न: ५० ची घेऊ की १०० ची? आणि या वयात हे शोभतं का?

परळला माझा दवाखाना आहे, ३१ वर्षं झाली. फॅमिली डॉक्टरकडे नवरा-बायको दोघंही येतात, बहुतेक वेळा वेगवेगळ्या दिवशी, आणि एकाच घरातल्या एकाच गोष्टीच्या दोन निरनिराळ्या हकिगती सांगून जातात. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना मी सवयीने दुसरी फाइल शोधायला लागले.

शोभण्याचं आधी संपवते. शोभतं. मीही बासष्टीची आहे, तेव्हा हे काही तरुण डॉक्टरचं कौतुक समजू नका. मराठीत असं विचारणंही काल-परवाचं नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून इथूनच, मुंबईतून, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला, आणि त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा लाज वगैरे बाजूला ठेवू आणि कामाचं बोलू.

कामाचं पहिलं म्हणजे, तुमचं पैशाचं पाकीट उघडा.

काही वर्षांपूर्वी तुमच्याच वयाचे एक गृहस्थ मिसेसना बीपी तपासायला घेऊन आले होते. मी पट्टा बांधत असताना त्यांनी हळूच याच गोळीचं विचारलं. मी म्हटलं, ‘छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी घेता का?’ ‘छे हो, माझ्या सगळ्या गोळ्या या इथे,’ म्हणत त्यांनी औषधांची प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. एकेक पट्टी पाहिली. खरंच नव्हती. तेवढ्यात दंडाला पट्टा बांधलेल्या मिसेस म्हणाल्या, ‘आणि पाकिटात असते ती?’ पाकिटात, रेल्वेच्या पासामागे, कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा निघाला. दोन गोळ्या, आणि वर नावातली शेवटची दोनच अक्षरं शिल्लक. सॉर्बिट्रेट. त्यांच्या हिशेबाने ते ही गोळी ‘घेत’ नव्हते, नुसती बाळगत होते. महिन्या-दोन महिन्यांत कधी जिना चढताना छाती भरून आली तर एखादी.

हे इतकं लांबण लावून सांगतेय, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नात जिवावर बेतण्यासारखी गोष्ट ही एकच आहे. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट. ते रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या रसायनाचा नळ सोडतं. तुमच्या मित्राने सांगितलेली गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, त्याच रसायनाची मोरी बंद करते. नळ सुरू आणि मोरी तुंबलेली, अशी बाथरूमची जी गत होते ती शरीराची होते: सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, बीपी धाडकन खाली येतं, आणि हृदयालाच रक्त पुरत नाही. हे दोन्ही एकत्र कधीही नाही. ‘अर्धी घेतली तर?’ यालाही उत्तर नाही हेच.

नायट्रेट नेहमी सॉर्बिट्रेट याच नावाने येतं असंही नाही. आयसोसॉर्बाइड हा शब्द खोक्यावर कुठेही दिसला, किंवा निकोरँडिल दिसलं, तरी तेच समजा. म्हणून कापलेल्या पट्ट्या घेऊन केमिस्टकडे जाऊ नका, डॉक्टरांकडे जा, आणि डिस्चार्जचा कागद बरोबर ठेवा. लघवी अडखळते म्हणून प्रोस्टेटची गोळी चालू असेल, टॅमसुलोसिनसारखी, तर तेही सांगा. तिच्याबरोबर ही घेतली आणि झटकन उठलं की चक्कर येऊन पडायला होतं. ६७ व्या वर्षी बाथरूममध्ये पडून मांडीचं हाड मोडणं छातीत दुखण्याइतकंच महागात पडतं.

नायट्रेट चालू नाही असं नक्की झालं, तरी पुढचा प्रश्न उरतो: हृदयाला एवढा श्रम झेपेल का? इथे मात्र मी घरबसल्या ठाम उत्तर देऊ शकत नाही. अँजिओप्लास्टी ॲटॅक आल्यानंतर झाली की आधी, इकोमध्ये पंपिंग किती आलं, आता चालताना काही होतं का, यावर ते आहे. माझ्याकडची ढोबळ कसोटी सांगते. नेहमीच्या जोडीदाराबरोबरच्या संबंधाला साधारण दोन मजले जरा भरभर चढण्याएवढा श्रम पडतो. तुम्ही स्टेशनचा पूल न थांबता चढता, वर गेल्यावर छातीत काही नाही, धाप लागून बोलणं तुटत नाही, तर बहुधा चिंता नाही. पुलाच्या मध्यावर कठडा धरून मोबाइल बघायचं नाटक करावं लागत असेल, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे. ते हवं तर स्ट्रेस टेस्ट करून घेतील. त्यांना स्पष्ट विचारा, ‘संबंध ठेवायला हरकत नाही ना?’ ते आपणहून सांगत नाहीत. गर्दीच्या ओपीडीत हा विषय कुणीच आपणहून काढत नाही, पण विचारल्यावर उत्तर मिळतं.

आता तुमच्याच दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. तक्रार ५ वर्षांपासून, अँजिओप्लास्टी २ वर्षांपूर्वी. लिंगाला रक्त नेणाऱ्या नळ्या १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४ मिलिमीटरच्या. गाळ दोन्हीकडे एकाच वेळी साचत असतो, पण बारीक नळी आधी बुजते. त्यामुळे ताठरता जाणं ही पुष्कळदा हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली नोटीस असते. तुमच्या बाबतीत ती आली होती, वाचली कुणी नाही. तुम्हाला हे आता बोलून दाखवण्यात अर्थ नाही. पण पन्नाशी-पंचावन्नचे जे कुणी हे चोरून वाचत असतील त्यांना सांगते, की हळूहळू ताठरता कमी होत असेल तर गोळीच्या आधी साखर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. तंबाखू-सिगारेट असेल तर कारण शोधायला फार लांब जायला नको.

साखरेचं आणखी एक. ११ वर्षांच्या मधुमेहात रक्तवाहिन्यांबरोबर नसाही बोथट होतात, म्हणून गोळीचा गुण कमी येऊ शकतो. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, कितीवर आहे ते बघा. ती ९-१० वर असताना मी ताठरतेची गोळी लिहून देते तेव्हा मलाच माहीत असतं की निम्मा उपयोग होणार. आणि तुमची साखरेची गोळी डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीतून साखर बाहेर टाकणारी आहे का? हृदयाच्या पेशंटना ती हल्ली पुष्कळ दिली जाते, औषध चांगलं आहे. पण लघवीत साखर म्हटल्यावर बुरशीला आमंत्रण. पुढची कातडी लाल होते, चिरा पडतात, मागे सरकत नाही, आणि तोच संसर्ग बायकोलाही त्रास देऊ शकतो. रोज साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, साबण रगडायचा नाही. चिरा असतील तर दाखवा, मलमाने बरं होतं. ती गोळी मनाने बंद करू नका. बीपीच्या गोळीनेही ताठरता कमी होऊ शकते, आणि ती मनाने बंद करणं तर त्याहून वाईट. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम सोडली तर छातीचं दुखणं उलटून येतं. बदलून मागा, पर्याय असतात.

हे झालं तुमच्या पिशवीचं. आता दुसरी फाइल.

‘तिला रस नाही’ हे वाक्य मी पुरुषांकडून शेकड्याने ऐकलंय. बायका आल्या की दुसरंच बोलतात. अंगावरून जातं का, लघवीला जळजळ होते का, असं विचारत गेले की मग खाली बघून सांगतात, ‘आतून सोलवटल्यासारखं होतं हो. दोन दिवस बसवत नाही.’ ‘मग यांना सांगितलंत का?’ ‘काय सांगायचं? झटकते झालं.’ तुमच्या मिसेसचं हेच असेल असं मी म्हणत नाही. खरंच इच्छा नसू शकते आणि त्यात गैर काही नाही. पण झटकण्यामागे दुखणं आहे का, हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही.

आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. म्हणजे मिसेसची जाऊन १५ एक वर्षं झाली असणार. पाळीबरोबर इस्ट्रोजेन जातं, आणि योनीचं अस्तर त्याच्यावरच पोसलेलं असतं. ते पातळ होतं, ओलावा आटतो, लवचीकपणा जातो. आतला आम्लपणा कमी झाल्याने रक्षण करणारे जंतू घटतात आणि लघवीचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. अंगातून वाफा येण्याचा त्रास बहुतेकींचा काही वर्षांत आपोआप ओसरतो. हा कोरडेपणा ओसरत नाही, उपचार केले नाहीत तर वाढतच जातो. आणि एकदा दुखलं की शरीर पुढच्या वेळी आधीच आवळून घेतं. आवळलं की जास्त दुखतं. मग साधा खांद्यावर हात पडला तरी पुढे काय होणार या धास्तीने तो झटकला जातो. तुम्हाला तो नकार वाटतो, त्यांच्या लेखी ती आधीच घेतलेली काळजी असते.

आता विचार करा. अशा अवस्थेत तुम्ही १०० मिलिग्रॅम घेऊन, ५ वर्षांनी, पूर्ण ताठरतेने गेलात तर त्यांच्यासाठी ती रात्र कशी असेल? मी अशा दोघी पाहिल्यात, ज्यांना दुसऱ्या दिवशी रक्त जातं म्हणून यावं लागलं. गोळीने नवऱ्याचं काम चोख केलं होतं.

उपाय सोपे आहेत, म्हणूनच चिडायला होतं. संबंधाच्या वेळी लावायचं वंगण केमिस्टकडे मिळतं. पाण्याचं घ्या, ते वाळलं तर आणखी लावा. सिलिकॉनचं जास्त टिकतं. खोबरेल तेल बरेच जण वापरतात, चालतं, पण कंडोम वापरत असाल तर तेलाने रबर फाटतं. कोरडेपणा रोजचाच असेल, चालता-बसताना टोचत असेल, तर योनीत लावायचं मॉइश्चरायझर वेगळं मिळतं, ते आठवड्यातून दोन-तीनदा. आणि खरा इलाज म्हणजे इस्ट्रोजेनचं कमी मात्रेचं क्रीम, जसं इस्ट्रिओल. साधारणपणे दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ते अस्तर पुन्हा भरून आणतं. त्याला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. बायका तिसऱ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून ट्यूब कपाटात टाकतात. संबंधाच्या आधी वंगणासारखं तेच लावायचं, ही दुसरी चूक. हॉर्मोन म्हटलं की कॅन्सरची भीती वाटते. या क्रीममधून रक्तात फार थोडं जातं. तरीही स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कधीही, एक डाग का होईना, लाल गेलं असेल, तर क्रीम-बीम सगळं नंतर. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी. तो डाग बहुतेकदा साध्या कारणाचा निघतो, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची सुरुवातही अशीच होते, आणि लवकर सापडला तर तो बरा होणारा आहे.

एक गोष्ट बायका मलासुद्धा तिसऱ्या भेटीत सांगतात. शिंकताना, हसताना लघवी निसटते, आणि ‘त्या’ वेळीही निसटेल ही धास्ती असते. त्यालाही व्यायाम आहेत, शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुंबईत आहेत. निदान आधी लघवीला जाऊन येणं तरी हातात आहे. गुडघ्यांचंही तसंच. कुशीवर, उशा लावून, जमेल तसं. पंचविशीतली पद्धत पासष्टीत चालवायचा कायदा नाही.

तर आता तिसरा प्रश्न, तुमचा मूळचा. नायट्रेट नाही, पूल चढता येतो, बीपी ताब्यात, डॉक्टरांनी हो म्हटलं. तर ६५ च्या पुढे आम्ही सिल्डेनाफिल २५ पासून सुरू करतो, १०० पासून नाही. तासभर आधी, आणि भरपेट जेवणानंतर नाही. तळणीच्या जेवणावर घेतली की ती उशिरा लागते आणि माणूस ‘उपयोग नाही’ म्हणून दुसरी घेतो. तसं करू नका. दिवसातून एकच. गोळी घेऊन टीव्ही बघत बसलात तर काही होणार नाही, स्पर्श लागतोच. पहिल्या वेळी जमलं नाही तरी चार-पाच वेळा संधी दिल्याशिवाय गोळी फुकट गेली म्हणू नये. टाडालाफिलचा असर ३६ तासांपर्यंत राहतो, त्यामुळे घड्याळाकडे बघावं लागत नाही. काहींना तेच सोयीचं पडतं.

आणि गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर? थांबायचं, १०८ ला फोन करायचा, आणि येणाऱ्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं: ‘अमुक वाजता ही गोळी घेतली आहे.’ सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. लाजून लपवलंत, तर तो बिचारा जिभेखाली नेमकी तीच गोळी ठेवेल. म्हणजे मिसेसनाही हे माहीत असायला हवं. चोरून घ्यायची ही गोळीच नव्हे.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींतल्या पुड्या, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ कॅप्सूल वगैरे घेऊ नका. अशा मालात न सांगता सिल्डेनाफिलच मिसळलेलं अनेक देशांत तपासणीत सापडलंय. ‘जडीबुटीने गुण आला’ म्हणणाऱ्याच्या पाकिटात सॉर्बिट्रेट असलं तर काय होईल ते वर लिहिलंच आहे.

घरात कोण कुठे झोपतं हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मुंबईत मला ते विचारल्याशिवाय राहवत नाही. वन बीएचकेत आतली खोली मुलाची-सुनेची, हॉलमध्ये आजोबा दिवाणावर, आजी खाली गादीवर नातवाला घेऊन. दहा-बारा वर्षं असं गेलं की दोघांना एकमेकांच्या अंगाची सवयच राहत नाही. अशांना मी दुपार सुचवते. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, भांडीवाली येऊन गेलेली. अंगात दम असतो, पोट जड नसतं. एका जोडप्याने मला सांगितलं, त्यांनी दर बुधवारी दुपारी दाराची कडी लावून नुसतं शेजारी पडायला सुरुवात केली. बाकी काही करायचं नाही असं ठरवूनच. दोन महिने तेवढंच. मिसेसचं क्रीमही तेवढेच दिवस चालू होतं, त्यामुळे ते सोयीचंच झालं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, पण त्यांचं बुधवारी दुपारचं फिजिओथेरपीचं अपॉइंटमेंट त्यांनी गुरुवारवर ढकलून घेतलं.

तुम्हाला लागू नाही, तरी इतरांसाठी: उतारवयात जोडीदार गेल्यावर नवी सोबत मिळाली असेल तर कंडोम वापरा. मूल होण्याची भीती नाही म्हणून कुणी वापरत नाही, पण अस्तर पातळ असल्याने बारीक इजा लगेच होतात आणि संसर्ग सहज होतो. एचआयव्हीची तपासणी महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत मोफत आणि गुप्त होते. माहितीसाठी १०९७ हा फोनही मोफत आहे. साठीचा माणूस रांगेत दिसला म्हणून तिथे कुणाला नवल वाटत नाही.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा: पाकीट आणि पिशवी घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, आणि मिसेसना घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. गोळी त्यानंतर आठ-दहा आठवड्यांनी घेतलीत तरी चालेल. ५ वर्षं गेली आहेत, अडीच महिन्यांनी काही बिघडत नाही.

आणि हे उत्तर त्यांना वाचायला द्या. फक्त वरचा पहिला परिच्छेद झाकून द्या. तिथे ‘तिला आता रस नाही’ असं तुम्ही लिहिलंय, आणि ते त्यांच्या तोंडून अजून आपण दोघांनीही ऐकलेलं नाही.